जुन्या घराचा सौदा



शहराच्या मध्यभागीं असलेलें एखादें जुनें घर विकलें जातें, तेव्हां नेमकें काय विकलें जातें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं बाळबोध वाटेल. घर म्हणजे जमीन आणि तीवर उभ्या असलेल्या भिंती. त्या ज्याच्या मालकीच्या तो विकणारा, आणि पैसे मोजील तो घेणारा. खेडेगांवांत हा व्यवहार बहुधा इतका सरळ असतोही. परंतु मुंबईच्या गिरगांवांत, काळबादेवीस, भुलेश्वरास किंवा डोंगरीस एखाद्या चाळीचा सौदा व्हावयाचा असला म्हणजे त्या एका घरांत निदान चार निरनिराळ्या वस्तु दडलेल्या आढळतात. पहिली जमीन. दुसरी तीवरील इमारत. तिसरी, तेथें राहण्याचा हक्क. आणि चौथी, डोळ्यांना न दिसणारी, ती म्हणजे त्या जमिनीच्या डोक्यावरील आकाश; तेथें किती मजले चढवितां येतील याची सरकारी परवानगी. जमीन एकाची, भिंतींची डागडुजी दुसऱ्याच्या माथीं, राहण्याचा हक्क तिसऱ्याचा, आणि आकाश सरकारच्या हातीं, अशी ही वांटणी आहे. आजच्या पुनर्विकासाच्या बहुतेक भानगडी या वांटणींतून जन्मल्या आहेत. ती कशी झाली, आणि ज्या कुटुंबाच्या दारीं विकासक कागद घेऊन येतो त्यानें काय पाहावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

जमिनीच्या सट्ट्याचें वेड या शहराला नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस विलायतेस पोंचेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत किल्ल्याचे तट पाडले गेले, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती तिच्या नांवानें निघालेले हिस्से बाजारांत चढत्या भावानें विकले गेले. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर पुष्कळ सावकारी पेढ्याही बसल्या. शहरांतील जमिनीची किंमत बव्हंशीं उद्यांच्या अपेक्षेवर उभी असते, हा धडा मुंबईला तेव्हांच मिळाला होता.

दुसरा धडा रोगराईनें दिला. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग सुरू झाला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेलीं गटारें यांवर उपाय म्हणून १८९८ सालीं मुंबईचा सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्यानें जुन्या वस्त्या फोडून काढले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यानेंच वसविल्या. १९३३ सालीं त्याचें काम महानगरपालिकेंत विलीन झालें. त्यानें शहराला हवा आणि उजेड दिला, हें खरेंच. परंतु ज्याचें घर मोडलें त्याला नव्या घरांत जागा मिळेच असें नव्हतें. नवें घर दूर आणि महाग. कामधंदा मात्र जुन्याच ठिकाणीं. तेव्हां तो मनुष्य शेजारच्या गल्लींत आणखी दाटीनें राहूं लागला. एका गल्लींतील दाटी हटली ती दुसरींत जाऊन बसली. घर मोडणाराच्या नकाशांत घरांतला मनुष्य कोठें जाणार हें आधीं आंखलेलें नसेल, तर सुधारणा म्हणजे नुसती हलवाहलव होते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही तितकीच लागू आहे.

आतां राहण्याच्या हक्काकडे वळूं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस घरभाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं मुंबईंत भाड्यावर पहिलें नियंत्रण आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच अडचण अधिक तीव्रपणें उभी राहिली आणि १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. १९४८ च्या फेब्रुवारींत तो अमलांत आला. सप्टेंबर १९४० मध्यें जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण धरावें, आणि भाडें नियमितपणें देणाऱ्या भाडेकरूस मालकानें काढूं नये, हा त्याचा सारांश. हा कायदा नसता तर त्या वेळीं हजारों कारकून, गिरणीकामगार आणि फाळणीनंतर आलेलीं निर्वासित कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. त्या कायद्याचे उपकार विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु तो तात्पुरता म्हणून आला आणि मुदतीमागून मुदत वाढून पन्नासांहून अधिक वर्षें राहिला. दरम्यान सिमेंटाचा, लाकडाचा, गवंड्याच्या रोजाचा भाव कितीतरी पटींनीं चढला. भाडें मात्र जेथल्या तेथें. डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट म्हटलें कीं, गोठवून ठेवलेलें हें प्रमाण भाडें काळाच्या ओघांत मालकावर अन्याय करणारें झालें आहे. पुढें १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानें दरसाल शेंकडा चार इतकी वाढ मान्य केली. या वाढीचा हिशेब करून पाहा. ज्या खोलीचें भाडें तेव्हां ५० रुपये होतें, तिचें भाडें चक्रवाढीनें धरलें तरी पंचवीस वर्षांनीं १३३ रुपयांच्या आसपास होतें. एवढ्या पैशांत एका खिडकीची झडपही बदलून मिळत नाहीं. मालक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एखादा गडगंज शेठ उभा राहतो. पण गिरगांवांतील पुष्कळ चाळींचे मालक म्हणजे एखादा धर्मादाय विश्वस्तनिधि, किंवा वडिलांच्या मागें दहा वारसांत विभागलेलें सामान्य कुटुंब असतें. त्यांनीं डागडुजी थांबविली यांत दुष्टपणापेक्षां नाइलाजाचा भाग अधिक होता.

येथेंच पागडीचा जन्म झाला. भाडें कमी आणि खोली दुर्मिळ, तेव्हां खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि नवी भाडेपावती करून देण्याबद्दल मालक त्यांतील वांटा घेई. हा वांटा प्रघातानें तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असे. १९४७ च्या कायद्यानें अशी रक्कम घेणें हा गुन्हा ठरविला होता. त्यामुळें हा सारा व्यवहार पावतीवांचून, साक्षीवांचून, केवळ विश्वासावर चाले. १९९९ च्या कायद्यानें ती रक्कम घेण्यास मुभा दिली आणि हा चोरटा व्यवहार उजेडांत आला. तथापि एक गोंधळ कायम राहिला. ज्यानें आयुष्यभराची पुंजी पागडींत ओतली त्याला आपण निम्मे मालक झालों असें वाटतें. कायदा त्याला भाडेकरूच म्हणतो. पुनर्विकासाच्या बैठकींत आवाज चढतो तो पुष्कळदां या एकाच कारणानें.

मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरूला ती करण्याचा अधिकार नाहीं, अशा स्थितींत घरें कोसळूं लागलीं. तेव्हां १९६९ सालीं कायदा करून इमारतींची दुरुस्ती व पुनर्रचना करणारें मंडळ स्थापिलें गेलें; पुढें तें म्हाडांत सामील झालें. शहर विभागांतील जुन्या इमारतींवर त्यासाठीं उपकर बसला. म्हणून या घरांना ‘उपकरप्राप्त इमारती’ असें अवघड नांव पडलें. आरंभीं अशा इमारती १९,६४२ होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीं बांधलेल्या त्या अ वर्गांत, १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गांत आणि त्यापुढील सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गांत घातल्या गेल्या. मंडळानें हजारों इमारतींना टेकू दिले, तुळया बदलल्या, कांहीं नव्यानें बांधल्या. तरीही सागवानी तुळईला वाळवी लागली आणि वर्षानुवर्षें पाणी मुरत राहिलें, तर डागडुजीलाही सीमा असते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसें दगावलीं. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेंतच होती. कांहीं कुटुंबें आधींच दुसरीकडे गेलीं होतीं, कांहीं मागें राहिलीं होतीं. १६ जुलै २०२० रोजीं कोटांतील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० माणसें गेलीं.

पावसाळ्याच्या तोंडावर दरसाल अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, आणि तरीही लोक त्या घरांतून हलत नाहींत. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ हट्ट वाटतो. पण त्या कुटुंबाच्या जागीं स्वतःला कल्पून पाहा. त्याची सारी मिळकत म्हणजे एक भाडेपावती. खोली सोडली, इमारत पाडली गेली आणि मागाहून काम अडलें, तर परत येण्याचा हक्क कोणत्या भिंतीला हात लावून सांगावयाचा? संक्रमण शिबिरांत तात्पुरते म्हणून गेलेले लोक तेथेंच म्हातारे झाल्याचीं उदाहरणें त्यानें पाहिलेलीं असतात. जिवाची भीति आणि हक्क बुडण्याची भीति यांच्या तराजूंत तो रोज झोंपतो आणि उठतो. शहराच्या मधोमध हजारों कुटुंबें अशीं राहत आहेत.

आतां चौथ्या वस्तूकडे, म्हणजे आकाशाकडे येऊं. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या कितीपट बांधकाम करावें याचें जें माप सरकार ठरवितें, त्यास चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. मुंबईच्या शहर विभागांत हें मूळ माप १.३३ आहे, म्हणजे १,००० चौरस मीटर जमिनीवर १,३३० चौरस मीटर बांधकाम. जुन्या चाळीच्या जागीं एवढेंच बांधावयाचें म्हटलें तर जुन्या बिऱ्हाडांनाही तें पुरत नाहीं. मग खर्च कोण करणार? म्हणून १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत ३३ (७) या क्रमांकाचा नियम आला. विकासकानें जुन्या रहिवाशांना फुकट घरें द्यावीं आणि त्याचा मोबदला म्हणून वाढीव बांधकाम बाजारांत विकावें, हें त्याचें सूत्र. आजच्या नियमाप्रमाणें एका भूखंडाला निर्देशांक ३ मिळतो. अथवा रहिवाशांना द्यावयाचें क्षेत्र आणि त्याच्या निम्म्याची भर, ही बेरीज अधिक होत असल्यास ती मिळते. भूखंड एकत्र आणले तर ही भर वाढते. प्रत्येक कुटुंबास निदान ३०० चौरस फूट जागा द्यावी लागते.

हिशेब सोपा करून सांगतों. १,००० चौरस मीटर जागेवर एक चाळ आहे आणि तींत चाळीस बिऱ्हाडें आहेत, असें समजा. प्रत्येकास ३० चौरस मीटर दिले तर १,२०० झाले. निर्देशांक ३ धरतां एकूण ३,००० बांधतां येतील, उरले १,८००. त्यांतील कांहीं मंडळाच्या वांट्यास जातील, बाकीचे विकासक विकील. आतां त्याच जागेवर नव्वद बिऱ्हाडें आहेत असें समजा. त्यांना २,७०० लागतील, त्याच्या निम्मे १,३५०, मिळून ४,०५०. म्हणजे वस्ती जितकी दाट, तितका मनोरा उंच. आणि चाळीपुढील वाडीची वाट मात्र पूर्वीं जेवढी होती तेवढीच! जेथें दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागें सरावें लागतें, तेथें पंचवीस-तीस मजल्यांच्या घरांतील मोटारी, पाण्याचे टँकर आणि प्रसंगीं अग्निशामक दलाचा बंब शिरावयाचा आहे. एकेका चाळीचा वेगवेगळा विचार केल्यानें गल्लीचा विचार कोणीच केला नाहीं, असें घडतें.

यावर उपाय म्हणून २००९ सालीं समूह पुनर्विकासाचा नियम पुढें आला. त्यांत अनेक इमारती एकत्र घेऊन रस्तेही रुंद करतां येतात. भेंडीबाजारांत त्याच वर्षीं स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेनें सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेंच्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबें आणि १,२५० दुकानें यांची योजना हातीं घेतली. काम मोठें, आणि त्याची गति अशा कामांची असते तशी धिमी. तरीपण गल्ली आणि घर यांचा एकत्र विचार करण्याची दिशा योग्य आहे.

या सूत्रांतील मूळ धोका मात्र ओळखून ठेवला पाहिजे. जुन्या रहिवाशाचें घर बांधलें जातें तें वरच्या मजल्यावरील नव्या सदनिकेच्या विक्रींतून. ती कोणी अनोळखी श्रीमंत गृहस्थ विकत घेईल तर खालच्या मजल्याचें काम पुढें सरकेल. बाजार मंदावला, व्याज चढलें, विकासकानें पैसा दुसऱ्या कामीं गुंतविला, कीं चाळीच्या जागीं खड्डा आणि खड्ड्याभोंवतीं पत्रे एवढेंच उरतें. १८६५ सालचा तो धडा येथें पुन्हां आठवावा.

शहराच्या मध्यांतील जमिनीचा भाव कागदावरच्या एका शब्दानें कसा फिरतो, याचें उदाहरण गिरणगांवांत सांपडतें. अठ्ठावन्न गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर त्या एकामागून एक थंड झाल्या. १९९१ च्या नियमानें ठरविलें कीं, ही जमीन विकसित करतांना ढोबळ मानानें एक तृतीयांश सार्वजनिक मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठीं आणि उरलेली मालकास. २००१ सालीं नियम बदलला आणि ही वांटणी फक्त मोकळ्या जमिनीची करावी असें ठरलें; जेथें गिरणीच्या शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबांतून वगळली गेली. गिरणी म्हटली कीं बहुतेक जमिनीवर शेड असणारच! लोकांच्या वांट्याची बाग आणि कामगारांच्या वांट्याचें घर त्या एका शब्दांत आटून गेलें. २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें आपल्या गिरण्यांचा लिलाव केला, त्यांत ज्युपिटर मिलला २७६ कोटि आणि मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटि रुपये आले. उच्च न्यायालयानें त्या वर्षीं लोकांच्या बाजूनें निकाल दिला. पण मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें २००१ चा नियम ग्राह्य धरला. आज तेथें काचेचे मनोरे आहेत, आणि जुन्या कामगारांचे वारस घराच्या सोडतीची वाट पाहत आले आहेत.

दुसरीकडे वरळीचें उदाहरण आहे. १९२० नंतर सरकारी विकास विभागानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें ज्या चाळी बांधल्या, त्या बी. डी. डी. चाळी म्हणून सर्वांना माहीत आहेत. तेथील खोली १६० चौरस फुटांची. ही जमीन सार्वजनिक असल्यामुळें पुनर्विकासाचें काम म्हाडानें स्वतःकडे घेतलें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वेळ पुष्कळ लागला. परंतु रहिवाशाला तोंड द्यावयाचें होतें तें एका सरकारी संस्थेला, रातोरात नांव बदलणाऱ्या कंपनीला नव्हे. खाजगी जमिनीवर हें सर्वत्र शक्य नाहीं. १९८६ सालीं कायदा असा झाला होता कीं, शेंकडा सत्तर भाडेकरूंनीं सहकारी संस्था केल्यास मंडळानें मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकास देऊन इमारत त्या संस्थेसाठीं घ्यावी. मालकांचा त्यावरील दावा १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयांत होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें सांगितलें कीं, सरसकट सर्व खाजगी मालमत्तेला समाजाची साधनसंपत्ति म्हणतां येणार नाहीं. कांहींना म्हणतां येईल, पण तें प्रत्येक वेळीं तपासून ठरवावें लागेल. तेव्हां मालक आणि भाडेकरू यांनीं एकमेकांस संपवून घर मिळेल, ही आशा दोघांनींही सोडावी हें बरें.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट भाडेपावतीच्या नांवाची. पुष्कळ घरांत पावती अजून आजोबांच्या नांवावर असते. पन्नास वर्षें त्या कागदाला कोणी विचारलें नाहीं. विकासक आला कीं नागपूरचे काका आणि पुण्याची आत्या यांनाही चाळीची आठवण होते. कायद्याप्रमाणें भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर त्या जागेंत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, आणि असा हक्क मृत्युपत्रानें वाटेल त्यास देतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालींच ठरविलें आहे. हा प्रश्न घरांत बसून, सर्वांनीं मिळून, आणि विकासक येण्यापूर्वीं सोडवावा. ज्या लेकीनें वा सुनेनें त्या खोलींत म्हाताऱ्यांची शुश्रूषा केली, तिचें नांव कागदावर आहे कीं नाहीं, हें आवर्जून पाहावें. सह्या करावयाच्या वेळीं स्त्रिया स्वयंपाकघरांत आणि पुरुष बैठकींत, ही रीति येथें तरी मोडावी.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या यादीची. कोण पात्र, हें मंडळ प्रमाणित करतें आणि त्यासाठीं १३ जून १९९६ ही तारीख धरलेली आहे. त्यानंतर नव्यानें निर्माण केलेलीं बिऱ्हाडें मोजलीं जात नाहींत. नाहींतर एका खोलीचीं चार बिऱ्हाडें दाखवून वरचे मजले वाढविण्याचा मोह सुटला असता. आपलें नांव, क्षेत्रफळ आणि पोटमाळा यांची नोंद बरोबर आहे कीं नाहीं, हें इमारत उभी आहे तोंवरच तपासून घ्यावें. इमारत पडल्यावर मोजमाप कशाचें घेणार?

तिसरी गोष्ट संमतीची. पूर्वीं शेंकडा सत्तर रहिवाशांची संमति लागे, आतां एकावन्न पुरते. त्यामुळें काम लवकर सुरू होतें, हा लाभ. आणि उरलेल्या एकोणपन्नासांचें म्हणणें ऐकण्याची गरज विकासकाला कमी वाटते, ही हानि. म्हणून संमतिपत्र हा करार नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. प्रत्येक कुटुंबाशीं स्वतंत्र, नोंदणीकृत करार व्हावा. त्यांत नव्या जागेचें क्षेत्रफळ भिंतींच्या आंतलें म्हणून लिहिलेलें असावें. मजला, मधल्या काळाचें भाडें, तें किती आगाऊ मिळणार, काम किती वर्षांत संपणार आणि न संपल्यास काय, हें सारें आंकड्यांनीं यावें. बँकेची हमी मागावी. १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आलेला स्थावर संपदा कायदा नवी सदनिका विकत घेणाऱ्याच्या पैशापैकीं शेंकडा सत्तर रक्कम वेगळ्या खात्यांत ठेवावयास लावतो. जुन्या भाडेकरूनें पैसे दिलेले नसतात, म्हणून त्या छत्राखालीं तो सहसा येत नाहीं. त्याचें छत्र म्हणजे त्याचा स्वतःचा करार.

चौथी गोष्ट घर मिळाल्यानंतरची, आणि तिचा विचार सर्वांत कमी केला जातो. चाळींत महिना शंभर-दीडशे रुपयांत भागे. नव्या मनोऱ्यांत उद्वाहक आहे, पंप आहे, पहारेकरी आहे, जिन्यांतले दिवे आहेत. या साऱ्यांचा खर्च महिन्याला कांहीं हजारांवर जातो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला नवें घर मिळतें आणि परवडत नाहीं. मग तें घर विकून लोक डोंबिवलीस, विरारास किंवा बदलापुरास जातात. कोणी आपखुषीनें, मुलांना मोठें घर मिळावें म्हणून गेला तर त्यांत खेद कसला? परंतु दिवाबत्तीच्या खर्चामुळें जावें लागलें, तर इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळचीच ती हलवाहलव झाली. म्हणून देखभालीसाठीं कायम ठेव विकासकाकडून घ्यावी, तिचें व्याज त्या खर्चास पुरेल असा हिशेब आधींच मांडावा, आणि ती रक्कम करारांत लिहून घ्यावी.

चाळीच्या जीवनाचें मी नसतें गुणगान करणार नाहीं. पहांटे चार वाजतां नळावर उभी राहणारी गृहिणी, मजल्याच्या टोकाच्या शौचकूपापुढील रांग, आणि दीड खोलींत मुलाच्या अभ्यासाला न मिळणारा कोपरा, हें सारें ज्यांनीं सोसलें त्यांना नव्या घराची ओढ असणें अगदीं रास्त आहे. त्याबरोबरच हेंही खरें कीं, ज्या सामाईक गॅलरीनें माणसें एकत्र आणलीं तिनेंच या शहराला पुष्कळ दिलें. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव बसला, तो अशाच शेजाराच्या बळावर. नव्या इमारतीच्या नकाशांत एक सभागृह, एक मोकळा मजला, म्हाताऱ्यांना बसावयास एक सावलीची जागा मागून घ्यावी. हा खर्च विक्रीच्या एका सदनिकेहून फारसा अधिक नसतो.

शेवटीं एक विचार मांडतों. गिरगांवच्या जमिनीचा भाव आज इतका कां आहे? ती जमीन कोणीं नांगरली नाहीं. तेथें ट्रामगाडी धांवली, आगगाडीचीं स्थानकें जवळ आलीं, तानसा-वैतरण्याचें पाणी आलें, शाळा, रुग्णालयें, नाट्यगृहें आणि बाजार झाले. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण लांबीची भुयारी मेट्रो काळबादेवी आणि गिरगांव या स्थानकांवरून धांवूं लागली. हें सारें सबंध शहरानें, करांतून आणि कष्टांतून उभें केलें. त्या भावांत मालकाचा वांटा आहे, कारण जमीन त्याची. भाडेकरूचा आहे, कारण त्यानें तेथें पिढ्या काढल्या. विकासकाचा आहे, कारण तो भांडवल आणि जोखीम घालतो. आणि जो त्या गल्लींतून नुसता चालत जातो त्याचाही आहे. त्याला त्याचा वांटा रुंद पदपथ, एक झाड आणि बंबाला वाट एवढ्या रूपानें मिळावा. या चौघांपैकीं तिघे बैठकींत हजर असतात. चौथ्याची बाजू महानगरपालिकेनें आणि तुम्हीं-आम्हीं मांडावयाची आहे.

तोंवर ज्यांच्या चाळींत अजून कोणी विकासक आलेला नाहीं, त्यांनीं येत्या रविवारीं चारपांच शेजाऱ्यांस बोलवावें, आपापल्या भाडेपावत्या बाहेर काढाव्या, नांवें आणि मापें एका वहींत लिहावीं, आणि त्या बैठकीस मालकालाही आमंत्रण द्यावें. सौद्याच्या दिवशीं ही वही ज्यांच्या हातीं असेल, त्यांना फसविणें सोपें जाणार नाहीं.